फोमच्या गोदामातला जॅझ

दिवाळीत सकाळी कुणी माझ्या मनगटाला अत्तर लावायला आलं की मी हात मागे घेतो. लोक म्हणतात, माणूस तुसडा आहे. आहेच. पण यात अत्तराचा दोष नाही. दोष बदलापूरच्या एका गृहसंकुलातल्या हॉलचा आहे, तिथल्या एका सकाळचा आहे, आणि ती आठवली की आजही माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं.

आधी मी कोण ते सांगतो, कारण त्या सकाळी माइकवरून माझ्याबद्दल जे सांगितलं गेलं ते खोटं होतं.

मी अंबरनाथचा. वडील कारखान्यात हेल्पर होते. जयंतीच्या मिरवणुकीला आमच्या वस्तीत जो बँड लागायचा, त्याचे मास्तर आमच्याच गल्लीत राहायचे. त्यांच्याकडे मी सॅक्सोफोन शिकलो. शिकलो म्हणजे ते वाजवायचे, मी बोटांकडे बघायचो, आणि चुकलं की ड्रमची काठी पोटरीवर बसायची. मग लग्नसराईत कल्याणपासून कर्जतपर्यंत वराती वाजवल्या. बँडचा लाल कोट अंगात घातला की माझ्याआधी तो घातलेल्या सगळ्यांच्या घामाचा वास कॉलरमधून वर यायचा. तो वास घेत घेत ओठ फुटेपर्यंत वाजवायचं. मास्तरांचा एकच नियम होता, नवरदेव घोड्यावरून पडला तरी वाजवणं थांबवायचं नाही. थांबलास की माणसं जेवायला पळतात.

आणि बँडवाल्याकडे कुणी बघत नाही. बघतात ते नवरदेवाकडे, नाहीतर नाचणाऱ्या मेव्हण्याकडे. मी इतकी वर्षं भर रस्त्यात वाजवलं, पण मला ऐकलं असं म्हणणारा एक माणूस भेटला नाही.

लग्नाचे मुहूर्त संपले की चूल थंड. म्हणून मी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका सिंधी व्यापाऱ्याच्या सोफ्याच्या दुकानात लागलो. त्यांना सगळे साईं म्हणायचे. साईंनी मला धंदा शिकवला, आणि धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट पहिल्याच आठवड्यात शिकवली. मी एका गिऱ्हाइकाला भाव सांगितला. ते गप्प झालं. मला ती शांतता सहन होईना. मी म्हणालो, "चला, तुमच्यासाठी थोडं कमी करू."

गिऱ्हाईक गेल्यावर साईंनी मला जवळ बोलावलं. "अडे, भाव बोल दिया था ना?"

"बोल दिया था, साईं."

"तो फिर मुँह बंद. उसको मत देख. पंखा देख."

तेव्हापासून मी पंखा बघायला शिकलो. भाव सांगायचा आणि छतावरच्या पंख्याकडे बघत बसायचं. समोरचा कच्चा असेल तर लगेच बोलतो, आणि जो बोलला तो गेला. पण समोरचाही मुरलेला असेल तर दोन माणसं एका पंख्याखाली गप्प बसतात, चहा येतो, चहावर साय धरते, तरी कुणी बोलत नाही. बाहेरच्याला वाटेल इथे काही चाललेलं नाही. खरं तर तेव्हाच सगळं चाललेलं असतं.

पुढे मी स्वतःचं दुकान काढलं. मागे फोमचं गोदाम घेतलं. मराठी माणूस सोफ्याच्या धंद्यात उभा राहिला म्हणजे त्याला कुणाची तरी मदत असणार, असं आमच्या माणसांना वाटतं. आणि माझं आडनाव ऐकून काहींना वाटतं की सवलत मिळाली असेल. आमच्या धंद्यात सवलत गिऱ्हाईक मागतं. मी देत नाही.

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं गेली असतील. मुंबईतलं एक जुनं हॉटेल बंद पडलं आणि तिथल्या खुर्च्या-पडद्यांचा सगळा ढीग मी एकगठ्ठा उचलला. त्या ढिगात माणसापेक्षा उंच, मोठ्या पोटाचं एक तंतुवाद्य निघालं. दोन तारा तुटलेल्या, दोन गंजलेल्या. साईं तेव्हा म्हातारे झाले होते, धंदा मुलांवर सोडून माझ्या दुकानात चहाला येऊन बसायचे. त्यांनी चष्मा वर करून बघितलं.

"ये क्या उठा लाया? सारंगी का बाप?"

मला नाव माहीत होतं. बँडवाल्यांना सगळ्या वाद्यांची नावं माहीत असतात. डबल बेस. मी तो पुसून दुकानाच्या कोपऱ्यात उभा केला आणि विकायचा नाही असं ठरवलं. का, ते मलाही सांगता येणार नाही.

त्याच कोपऱ्यापाशी साहेब पहिल्यांदा दिसले. ते अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात अधिकारी होते, बदलापूरला नव्या संकुलात फ्लॅट घेतला होता, आणि बायकोबरोबर सोफा बघायला आले होते. बाई सोफ्यावर बसून उठून बघत होत्या आणि साहेब त्या वाद्यासमोर हात मागे बांधून उभे.

"कुठून आणलात हो, शेठ?"

"सोफा बघा, साहेब. तो विकायचा नाही."

"विकत नाही मागत. हात लावू?"

त्यांनी एक तार छेडली. गंजलेलीच, तरी माझ्या पायाखालची फरशी गुणगुणली. कॉलेजात असताना ते मुंबईत एका हॉटेलच्या बँडमध्ये हा वाजवायचे, मग नोकरी लागली, लग्न झालं, आणि वाद्य परत करावं लागलं. हे सगळं त्यांनी बायकोकडे पाठ करून हळू आवाजात सांगितलं.

"अहो, रेक्झिन घ्यायचं की कापड?" बाईंनी विचारलं. साहेबांना ऐकूच आलं नाही.

मग भाव. मी आकडा सांगितला आणि पंख्याकडे बघायला लागलो. साहेब गप्प. बाई गप्प. पंखा फिरतोय. असं मुरलेलं मराठी गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. शेवटी मीच बोललो. स्वतःचं दुकान काढल्यापासून पहिल्यांदा मी आधी बोललो आणि खाली आलो. सोफा गेला, पण मला राग आला नाही. हा माणूस आपल्या तोडीचा आहे असं वाटलं. या चुकीवर मी पुढची तीन वर्षं काढली.

साहेबांनी स्वतः मुंबईहून गज आणि तारा आणल्या आणि तारा बसवल्या. मग आमचा आठवड्याचा बंद असायचा त्या दुपारी ते येऊ लागले. एकदा येताना सीडी घेऊन आले. दोन परदेशी माणसं, एकाकडे सॅक्सोफोन, दुसऱ्याकडे डबल बेस. बाकी कुणी नाही, ढोल नाही, गाणारा नाही. मी थोडा वेळ ऐकलं.

"साहेब, हे जुळवणार कधी आणि वाजवणार कधी?"

"वाजवतायत की."

"काय वाजवतायत?"

"ठरवलेलं काहीच नाही. ना गाणं, ना राग, ना ताल. समोरचा काय करतोय ते ऐकायचं आणि त्याला काहीतरी म्हणायचं. हा जॅझमधलाच प्रकार आहे, पण सगळे दोर कापलेला."

मला किळस आली. बँडमध्ये नवा पोरगा लागला की त्याच्या नळीतून थुंकी फुर्रफुर्र बोलते, तसला आवाज तो परदेशी माणूस मुद्दाम काढत होता. मी बंद करा म्हणणार होतो. तेवढ्यात सॅक्सोफोनने वरून एक ओळ फेकली. बेसने दोनच जाड सूर दिले, जसं कुणी म्हणावं, बघू. सॅक्सोफोनने तीच ओळ थोडी खाली आणून परत टाकली. बेस गप्प.

मी ताठ बसलो. "साहेब, हा भाव करतोय."

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. "शेठ, तुम्हाला कळलं. मला वर्षभर कळलं नव्हतं."

मग आम्ही वाजवायला लागलो. मागच्या गोदामात, छताला टेकलेल्या फोमच्या गाद्यांच्या मधे. फोम आवाज पिऊन टाकतो. सूर निघाला की तिथल्या तिथे मरतो, घुमत नाही, त्यामुळे काहीही लपत नाही. उन्हाळ्यात त्या फोमला असा रासायनिक वास सुटायचा की डोकं गरगरायचं, आणि वारा फिरला की वालधुनी नदीची घाण त्यात मिसळायची. भारनियमनात पंखा बंद पडायचा. मी बनियनवर, साहेबही बनियनवर, आणि त्यांचं जानवं घामाने पाठीला चिकटलेलं. कारखान्यातल्या त्यांच्या हाताखालच्या माणसांनी त्यांना तसं पाहिलं असतं तर ओळखलं नसतं.

मला अडचण एकच होती. बोटांना गाण्यांची सवय. जरा बेसावध झालो की कुठल्यातरी वरातीचं गाणं आपोआप बाहेर पडायचं. साहेब लगेच हात उचलायचे.

"गाणं आलं, शेठ."

"कुठे आलं?"

"आत्ताच येऊन गेलं. दार लावून घ्या."

या बाबतीत ते फार कडक होते. अर्धी ओळ जरी ओळखीची वाटली तरी थांबवायचे. त्यांच्या या कडकपणाची मला लाज वाटायची आणि अभिमानही वाटायचा. कारण हळूहळू माझ्या नळीतून अशी गोष्ट निघायला लागली जी कुठल्याच वरातीत वाजली नव्हती. कधी मी चिडचिडा सूर धरून ठेवायचो आणि ते गज घासून त्याच्याखाली करकर लावायचे, जुना दरवाजा ढकलल्यासारखी. कधी ते बोटांनी भराभर चालायला लागायचे आणि मी फक्त नळीच्या चाव्या टपटप दाबायचो, फुंकर न मारता.

पण आमची खरी जागा मधली होती. मी वरून एक ओळ फेकायचो, अर्धीच, आणि थांबून पंख्याकडे बघायचो. साहेब तारेवर बोट ठेवून उभे. कुणी वाजवायचं नाही. बाहेर टेंपो मागे घेतल्याचा आवाज यायचा, भंगारवाला ओरडून जायचा, आमच्या दोघांमधली ती दोरी तशीच ताणलेली. मग कधी ते बोलायचे, कधी मी. जो आधी बोलेल त्याला खाली यावं लागायचं, आणि पुढचं सगळं त्यावर ठरायचं. त्या शांततेत मला जे मिळायचं ते मला पैशाने मिळालं नव्हतं, आणि पैसा मला चांगला मिळत होता.

एकदा साहेब म्हणाले, आमच्या संकुलाच्या मंडळाची दिवाळी पहाट आहे, कार्यवाह माझ्या ओळखीचे आहेत, वाजवायचं का?

मी लगेच हो म्हणालो. एवढ्या पटकन मी कुठल्याच सौद्याला हो म्हटलेलं नाही. मला एकदा, फक्त एकदा, वरात नसताना वाजवायचं होतं. माणसं खुर्च्यांवर बसलेली, तोंडं माझ्याकडे, आणि आम्ही गोदामात करतो ते सगळं सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांनी ऐकायचं. आवडलं नाही तरी चालेल. ऐकायचं. मी बायकोला नवी साडी घ्यायला लावली. अंबरनाथला जाऊन मास्तरांना स्वतः आमंत्रण दिलं. मास्तर तेव्हा फार थकले होते. "काय वाजवणार?" त्यांनी विचारलं. "या आणि ऐका," मी म्हणालो.

त्या पहाटे मी बेस फोममध्ये गुंडाळून, माझ्याच टेंपोतून, बदलापूरला नेला. हॉलच्या दारात दोन बाया अत्तर लावत होत्या, पलीकडे पेढे. आत उटणं, मोगरा, नवे कपडे आणि फरसाणाच्या तेलाचा वास एकमेकांत कालवलेला. स्टेजवर फुलांची रांगोळी. आमच्या आधी एका बाईंनी अभंग आणि नाट्यगीतं म्हटली, लोक माना हलवत होते. आम्ही बाजूच्या खोलीत वाद्यं काढत होतो तेवढ्यात कार्यवाह आले. झब्बा, हातात कागद.

"साहेब, राग कुठला सांगू?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. "भैरवाच्या अंगाने आहे असं सांगा."

ते गेल्यावर मी विचारलं, "कसला भैरव?"

"काहीतरी सांगावं लागतं हो. त्यांचं समाधान. आपण आपलंच वाजवायचं."

मी गिळलं. माल विकताना लेबल थोडं इकडेतिकडे होतं, हे मला कळतं.

मग आम्ही स्टेजवर गेलो आणि कार्यवाहांनी माइक हातात घेतला. आपल्याच संकुलातले, रसायनशास्त्रातले उच्चशिक्षित, मोठ्या कारखान्यातले अधिकारी, ज्यांनी डबल बेससारखं दुर्मिळ वाद्य जिवापाड जपलं आहे. टाळ्या. "आणि त्यांना साथीला आहेत, उल्हासनगरचे फर्निचरचे व्यापारी."

साथीला.

वाद्य माझं. माझ्या गोदामातून, माझ्या टेंपोतून, माझ्या फोममध्ये आलेलं. आणि दोघांच्या वाजवण्यात कुणी कुणाच्या साथीला नसतं, हे मला शिकवणारा माणूस शेजारी उभा राहून नम्रपणे हसत होता. त्याने एक शब्द काढला नाही. मला वाटलं, नंतर बोलू.

सुरुवात केली. पहिल्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "अजून जुळवतायत का गं?" त्याबद्दल मी काही म्हणणार नाही, मीही एकदा तेच विचारलं होतं. पण मागून एक पुरुषी आवाज आला, "वरात कुठे अडकली हो?" आणि चार-पाच रांगा फिसकन हसल्या. माझी कानशिलं तापली. रागात माझं वाजवणं बिघडत नाही, सुधारतं. मी असा सूर काढला की माइकवाला दचकून आपल्या यंत्राची बटणं बघायला लागला. साहेब येत होते, मागून का होईना. त्या हॉलमध्ये आवाज घुमत होता. गोदामात जो सूर मरायचा तो इथे परत येऊन कानावर आपटत होता. मी त्यालाही वाजवण्यात घेतलं.

आणि मग ती जागा आली. मी वरून ओळ फेकली, टोकाला सूर चिरला, आणि थांबलो. वर बघितलं. एका पंख्याला जुन्या कार्यक्रमातली झेंडूची सुकलेली माळ अडकली होती, ती पंख्याबरोबर फिरत होती.

हॉल गप्प झाला. खरंच गप्प झाला. पोरं गप्प, पिशव्यांची कुरकुर गप्प, वरात विचारणारा गप्प. दोनशे-तीनशे तोंडं माझ्याकडे, नवरदेव कुठेच नाही. इतक्या वर्षांत जे मागितलं होतं ते समोर होतं. आता फक्त साहेबांनी खालून एक जाड सूर द्यायचा होता. किंवा नसता दिला तरी चाललं असतं. आणखी थोडा वेळ दोघांनी गप्प उभं राहायचं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघायचं नसतं.

टाळी वाजली. एकच, मग आणखी. कार्यवाह "वा, वा, अप्रतिम" म्हणत नारळ आणि शाल घेऊन स्टेजच्या पायऱ्या चढत होते. मी हाताने थांबा म्हणून खूण केली. त्यांना वाटलं मी आधी साहेबांना द्या म्हणतोय. ते साहेबांकडे वळले. आणि साहेबांनी गज खाली ठेवला, बेस खांद्याला टेकवला, आणि मान वाकवली. शालीसाठी.

"साहेब, संपलं नाही," मी दातओठ खात म्हणालो.

"जाऊ द्या हो, शेठ."

"तुमची पाळी होती."

"मला वाटलं तुम्ही अडकलात. मी घाबरलो. म्हटलं आता काय करायचं."

मी अडकलो. तीन वर्षं दर आठवड्याला ज्या शांततेत आम्ही उभे राहिलो, तिच्यात लोकांसमोर उभं राहिल्यावर यांना वाटलं, मी अडकलो. तेव्हाच मला सोफ्याची दुपार आठवली. त्या दिवशीही हा माणूस भाव करत नव्हता. बायकोसमोर आकडा ऐकून त्याची बोबडी वळली होती, एवढंच. आणि मी त्याला मुरलेला समजून खाली आलो होतो.

कुणीतरी ओरडलं, "आता एखादं ओळखीचं होऊ द्या की." टाळ्या. साहेबांनी खांद्यावरची शाल सावरली, आणि बोटांनी एका जुन्या सिनेमाच्या गाण्याचा ठेका धरला, जो कुठलाही बँड झोपेत वाजवेल. मला मानेने खूण केली. "येऊ द्या, शेठ."

अर्धी ओळ ओळखीची वाटली तरी मला दार लावायला सांगणारा माणूस.

मी वाजवलं नाही. मी सॅक्सोफोनचं तोंड काढलं आणि नळीत साचलेलं पाणी तिथेच, फुलांच्या रांगोळीवर झटकलं. ते पाणी म्हणजे थुंकीच असते. पहिल्या रांगेतून "शी" आलं. माझं म्हणणं तेवढंच होतं. मागे साहेब ठेका धरून उभे, लोक त्या ठेक्यावर टाळ्या वाजवतायत, एक काका गाणं म्हणायला लागलेत, आणि मघाचाच आवाज पुन्हा, "बँडवाले, वाजवा ना, काय रुसलात?" कार्यवाहांनी माझ्याही खांद्यावर शाल टाकली. तिला दुकानाचं लेबल तसंच होतं. नारळ मी घेतला नाही.

खाली मास्तर फराळाच्या टेबलापाशी उभे होते. मला वाटलं होतं, निदान हे काहीतरी म्हणतील.

"गाणं वाजवायचंस," ते म्हणाले. "माणसं खूश झाली असती. आणि मधेच थांबलास कसा रे? वरातीत थांबला असतास तर काठी घातली असती." मग त्यांनी बशी पुढे केली. "चकली घे. बरी आहे."

परत येताना टेंपोत बायको माझ्या शेजारी बसली होती. अंबरनाथ मागे पडल्यावर म्हणाली, "तुम्ही वर बघत थांबलात ना, तेव्हा मला वाटलं तुमच्या छातीत दुखतंय." तिने माझा हात हातात घेतला होता. मनगटाला अत्तर होतं. मी घरी जाऊन ते साबणाने तीनदा धुतलं, तरी संध्याकाळपर्यंत वास येत होता.

त्यानंतर बंदच्या दुपारी साहेब आले नाहीत. मीही बोलावलं नाही. थंडी संपता संपता एक दिवस ते दुकान उघडं असताना आले. साईं चहा घेत बसलेले होते. साहेब कोपऱ्यातल्या बेसकडे बघत उभे राहिले, पहिल्या दिवशीसारखेच हात मागे बांधून.

"मंडळाने विचारलंय, शेठ. पुढच्या वेळी भावगीतांना बेस हवाय. घरी सराव करावा लागेल. हा विकणार का?"

भावगीतांना. साथीला.

"तुम्हीच सांगा," मी म्हणालो.

त्यांनी आकडा सांगितला. तो इतका हलका होता की साईंच्या कपातला चहा बशीत सांडला. आणि मग साहेबांनी एक गोष्ट केली. ते गप्प झाले आणि माझ्या पंख्याकडे बघायला लागले. माझ्याकडून शिकले होते. आता त्यांना येत होतं.

मला त्यांच्याशी भाव करता आला असता. दुप्पट, तिप्पट, सहज. पण भाव मी त्याच्याशी करतो ज्याला समोर उभं राहता येतं. या माणसाबरोबर आता मला एक सूरही वाजवायचा नव्हता, आणि आकडा हाही सूरच असतो.

"घेऊन जा," मी म्हणालो.

"म्हणजे... एवढ्यात?"

"एवढ्यात."

ते खूश झाले. इतके खूश, की बेस टेंपोत चढवताना म्हणाले, "या ना आमच्याकडे, शेठ. तिथे वाजवू. शेजारी काही बोलणार नाहीत, हळू वाजवू." मी तो फोममध्ये नीट गुंडाळून दिला. त्यात वाद्याचा काही गुन्हा नव्हता.

टेंपो गेल्यावर साईं म्हणाले, "पागल हो गया? इतने में तो खाली लकड़ी नहीं आती."

"साईं, माल खराब निकला."

ते बेसबद्दल समजले आणि मान हलवत चहा प्यायले.

पुढे बदलापूरच्या गिऱ्हाइकांकडून कळायचं. साहेबांनी उल्हासनगरच्या व्यापाऱ्याला कसं गुंडाळलं, त्याची गोष्ट ते संकुलात रंगवून सांगतात. कार्यक्रमात भावगीतांच्या मागे उभे राहून वाजवतात, लोक कौतुक करतात. करोत.

सॅक्सोफोन मी अजून गोदामात ठेवतो. कधी बंदच्या दुपारी काढतो, एक ओळ फेकतो, थांबतो, पंख्याकडे बघतो. मग परत पेटीत ठेवतो, कारण पलीकडे फक्त फोम आहे आणि फोमशी सौदा होत नाही.

परवाच त्या संकुलातलं एक जोडपं सोफा बघायला आलं. बाईंनी मला निरखून बघितलं. "तुम्ही ते साहेबांच्या साथीला होतात ना, मधेच विसरलात ते?"

मी सोफ्याचा भाव सांगितला, चांगला चढवून, आणि पंख्याकडे बघत बसलो. गृहस्थ लगेच बोलले.